खाच

हेल्मेटमध्ये माशी शिरली नसती, तर त्याने हँडलवरचा डावा हात या जन्मात सोडला नसता. उड्डाणपुलाचा चढ संपून उतार लागला होता, कामावर जायची वेळ, पुढेमागे वाहनं, आणि माशी नेमकी डाव्या डोळ्याच्या कडेला येऊन बसली. त्याने वेग उतरू दिला, डावा हात उचलून हेल्मेटची काच वर ढकलली, आणि माशीच्या नादात उजव्या हाताची पकडही जरा सैल पडली. तेवढ्यात हँडल हललं. आधी अगदी बारीक, एखादा म्हातारा ‘नको, नको’ म्हणताना मान हलवतो तसं. मग भराभर, डावीउजवी, डावीउजवी, जणू पुढचं चाक कोणीतरी दोन्ही हातांत धरून झटकत होतं. त्याने डावा हात खाली आपटला, हँडल करकचून धरलं आणि सगळं एकदम गप्प झालं. जसं काही झालंच नव्हतं. मागच्या टेम्पोवाल्याने शेजारून जाताना खिडकीतून मान बाहेर काढली. “काका, झोप झाली नाही का?” एवढं विचारून तो निघूनही गेला. पूल संपल्यावर गाडी कडेला घेऊन तो उभा राहिला. त्याने हेल्मेट काढून आत पाहिलं. माशी केव्हाच निघून गेली होती. डोक्यात पहिल्यांदा आलं ते माशीचं नाही, टेम्पोवाल्याच्या आगाऊपणाचं नाही, मरणाचंही नाही. मुलीचं एक वाक्य आलं. “बाबा, हात हलका केला की गाडी डोकं हलवते.”

हे वाक्य तिने मागच्या रविवारी उच्चारलं होतं आणि त्याने ते तिथल्या तिथे मोडून काढलं होतं. डोंगरापलीकडच्या गावातल्या इस्पितळात तिला नोकरी लागली होती, रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत. म्हणजे सकाळपासून रांगेतल्या माणसांच्या दंडाला पट्टा बांधायचा, शीर शोधायची आणि सुई घालायची. राहायची खोली इस्पितळापासून लांब, म्हणून आपली मोटरसायकल तिला द्यायचं त्याने ठरवलं होतं, आणि राज्य देऊन टाकावं अशा सुरात ते जेवताना जाहीरही केलं होतं. रविवारी ती गाडी घेऊन एक चक्कर मारून आली. त्याच वेळी दारात मेहुणा उभा होता. बायकोचा हा धाकटा भाऊ, पोट सुटलेला, आणि गाडी अशी की वर चढायला शिडी लागावी. ती चालवून त्याने जितकं अंतर काटलं असेल त्याच्या दसपट तिच्याविषयी बोलून काटलं असेल. मुलीने हेल्मेट काढलं आणि ते वाक्य म्हणाली. मेहुण्याने लगेच तोंड घातलं. “भाऊजी, गाडीला म्हातारपण आलं वाटतं.” आणि मेहुण्यासमोर गाडीला म्हातारपण येणं त्याला परवडण्यासारखं नव्हतं. “गाडी हलत नाही,” तो मुलीला म्हणाला, “तुझा हात हलतो. हात थरथरला की हँडल थरथरणारच. आणि हात सोडायचाच कशाला?” ती म्हणाली, “बाबा, लोकांच्या दंडात सुई घालायची आहे मला.” तो म्हणाला, “म्हणूनच सांगतो.” मेहुणा खो खो हसला. “अरेरे, बिचारे पेशंट.” तिने हेल्मेट खाली ठेवलं. किल्ली खिळ्याला अडकवली, मी बसनेच जाईन म्हणाली आणि आत गेली. घाबरट, असं त्याने मनात म्हटलं होतं. आता पुलाच्या टोकाला उभा राहून त्याने तो शब्द परत उच्चारून पाहिला. तो नीट बसेना.

वास्तविक थरथर ओळखणं हाच त्याचा धंदा होता. कागदाच्या गिरणीतले पंप, पंखे, अजस्र रूळ, यांतलं कोणतं यंत्र कुठून हलतंय हे शोधून काढायचं आणि ते बिघडायच्या आत सांगायचं, याचा त्याला पगार मिळत होता. हाताशी मोजायचं उपकरण असे, पण आधी तो यंत्राच्या अंगावर तळहात टेकवायचा. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. आणि यंत्र चालवणाऱ्या माणसांविषयी त्याला जी तुच्छता वाटे, तिला तोड नव्हती. ही माणसं यंत्र कण्हायला लागलं की त्याचा बोल्ट आवळायची. कण्हणं थांबलं की खूष होऊन विडी ओढायला जायची. “याला दुरुस्ती म्हणत नाहीत,” तो त्यांना बोलावून सांगे, शाळेतल्या मुलांना सांगावं तसं, सावकाश, एकेक शब्द सुटा करून, “याला रडणाऱ्याचं तोंड दाबणं म्हणतात.” ती माना डोलावत आणि पाठ वळताच पुन्हा पाना शोधत. त्याला वाटे, माणसांचे दोनच वर्ग आहेत: थरथर ऐकणारे आणि ती दाबणारे. पहिल्या वर्गात गिरणीत तो एकटाच होता, आणि घरात तर त्याविषयी शंकाच नव्हती. त्या दिवशी त्याने नेहमीप्रमाणे पंपावर तळहात टेकवला आणि त्याला काही कळेना. पंप हलत होता की पुलावरून तो स्वतःच अजून हलत आला होता? शेजारच्या माणसाने विचारलं, “कसं आहे साहेब?” तो म्हणाला, “ठीक आहे.” आणि आपण न ऐकताच ठीक म्हणालो, हे दिवसभर त्याच्या मनातून जाईना.

हँडल हलण्याचा प्रकार तसा अवघड नव्हता. पोरालाही समजावता आला असता. मोठ्या दुकानातली सामानाची ढकलगाडी ढकलताना तिचं एक पुढचं चाक वेड्यासारखं फडफडतं, ते सगळ्यांनी पाहिलेलं असतं. सावकाश नेली तर ते गप्प, खूप जोरात नेली तरी गप्प. मधल्याच कुठल्यातरी वेगाला त्याच्या अंगात येतं. मोटरसायकलचं पुढचं चाक त्याच जातीचं. ते सतत जरा डावीकडे, जरा उजवीकडे जात असतं आणि आपलं आपण सरळ होत असतं. चालवणाऱ्याला वाटतं, आपण सरळ चालवतोय. प्रत्यक्षात चाक चालवतं आणि माणूस श्रेय घेतो. हँडल ज्याच्यावर फिरतं तो कोनसेट, म्हणजे वर एक आणि खाली एक अशा कड्यांमधून बसवलेल्या पोलादी गोळ्या. कडी गुळगुळीत आणि बेताची घट्ट असली, तर चाक अलगद सरळ होतं. ती सैल झाली किंवा त्यांत खळगे पडले, तर चाक सरळ व्हायला जातं आणि पलीकडे निसटतं, परत येतं, परत निसटतं. दोन्ही हातांनी आवळून धरलं तर माणसाचे दंडच ती थरथर गिळून टाकतात. हलका हात असला तर दिसते. म्हणजे हलक्या हाताला दिसलं होतं आणि जड हाताला नाही. इथपर्यंत येऊन तो थांबला. पुढचं वाक्य त्याला माहीत होतं आणि ते मनात उच्चारायची त्याला घाई नव्हती.

शनिवारी अर्धा दिवस काम. परतताना तो गॅरेजवर थांबला. गॅरेजवाला उकिडवा बसून कोणाच्या तरी चेनला तेल पाजत होता. या माणसाकडे प्रत्येक दुखण्याला एकच औषध होतं, हे त्याला अनेक वर्षांपासून ठाऊक होतं.

“हँडल हलतं म्हणता? टायर टाका नवीन.”

“टायरला काही झालेलं नाही.”

“मग हात सोडू नका. हात सोडून फिरायचं वय आहे का आता, साहेब?”

आपलंच वाक्य तंबाखूने काळ्या पडलेल्या दातांतून परत येताना ऐकणं ही शिक्षा कोणत्या गुन्ह्याला असते, हे त्याला समजेना. “कोनसेट दे,” तो म्हणाला.

“बसवणार कोण?”

“मी.”

“मग एक करा. चांगला दाबून आवळा, म्हणजे परत बघायला नको.”

त्याच्या ओठांवर ते रडणाऱ्याचं तोंड दाबण्याचं वाक्य तयार झालं. किती वर्षं घोटून घोटून गुळगुळीत केलेलं वाक्य. आणि ते तिथेच अडकलं. कारण त्याला पाइप आठवला. मागच्या थंडीत ब्रेक दाबला की हँडलच्या मुळाशी टक्‌ असा आवाज यायला लागला होता. त्याने मोठा पाना घेतला होता, जोर पुरेना म्हणून पान्याच्या दांड्यावर हातभर लांब पाइप चढवला होता, आणि आवाज बंद होईपर्यंत नट आवळला होता. आवाज बंद झाला होता. मग तो आत जाऊन, हात धुऊन, मोठ्या समाधानाने चहा प्यायला होता. गॅरेजवाल्याने कोनसेटचा पुडा पुढे केला आणि म्हणाला, “काय झालं? विसरलात काही?” तो म्हणाला, “नाही.”

दुपारी अंगणात त्याने गाडी डबल स्टँडवर घेतली आणि मागे वजन ठेवून पुढचं चाक अधांतरी केलं. मग एका बोटाने हँडल ढकललं. ते डावीकडून उजवीकडे मजेत फिरत गेलं आणि बरोबर मध्यावर, सरळ रेषेत, खट्‌ करून अडकलं. खाचेत पडलं. पुन्हा ढकललं, पुन्हा तिथेच. इतके महिने हे हँडल त्याच्या मुठीत असं अडकत होतं आणि ज्या मुठीला पंखे नि पंप आपली गुपितं सांगत, तिला पत्ता नव्हता. तो हसला. चांगलं हसू नव्हतं ते. नट सोडवला, पुढचे शॉकअप आणि चाक खाली उतरवलं, गोळ्या पातेल्यात गोळा केल्या, जुनी कडी ठोकून काढली आणि घासलेटात धुतली. खालच्या कड्यावर गोलाकार ओळीत खळगे होते, गोळ्या जशा दाबल्या गेल्या तसे, दातांनी चावल्यासारखे. त्याने नख फिरवलं. प्रत्येक खळग्यात नख अडखळलं.

बायको चहा घेऊन आली आणि पायरीवर टेकली. तिला मोटरसायकलमध्ये रस नव्हता. “लेक पेला घेऊन बसलीय,” ती म्हणाली.

“कसला पेला?”

“पाण्याचा. काठोकाठ भरते, हात लांब करून धरते आणि पाणी हलतंय का बघते. नाहीतर सरावाची ती रबराची नळी. टोचते, काढते, टोचते, काढते. वर्गात पहिली आली होती ना याच कामात? काय बोललात तुम्ही तिला?”

“काही नाही.”

“म्हणजे नेहमीचंच,” बायको म्हणाली आणि रिकामा कप घेऊन उठली.

नवा कोनसेट बसवताना त्याच्या मनात तो विचार आला. आला म्हणजे बराच वेळ दाराशी उभा असावा, आता आत आला. गाडी नीट करायची. उद्या सकाळी ती निघायच्या आधी किल्ली तिच्या हातात द्यायची आणि म्हणायचं, घे, एकदा धीराने चालवून बघ. ती चालवील. हँडल हलणार नाही. मग तो म्हणेल, बघ, काही नव्हतं. आणि खरंच काही नसेल. कोणी खोटं बोललेलं नसेल. मेहुणाही गप्प बसेल. फक्त तिला एवढं कळेल की त्या दिवशी तिच्या हाताला जे जाणवलं होतं, ते कुठेच नव्हतं. किती सोपं होतं. जुनं कडं भंगारात टाकायचं, संपलं. त्याला स्वतःच्या हुशारीचा जरा आनंदही झाला, आणि त्या आनंदाच्या पाठोपाठ, बोलावणं नसताना, वडील आले. सुतारकामाच्या शेडमध्ये लाकडाचा भुसा, उन्हाची तिरीप, आणि गिऱ्हाइकांसमोर त्याच्या हातातून रंधा काढून घेणारे वडील. “याचा हात थरथरतो,” ते गिऱ्हाइकांना म्हणाले होते, त्याला नव्हे. गिऱ्हाइकं हसली होती. त्यानंतर त्याने रंधा कधी धरला नाही, आणि जे जे धरलं ते बोटं पांढरी होईपर्यंत धरलं. पेन्सिल, सायकल, बायकोचा हात, हे हँडल. रंध्यातलं पातं त्या दिवशी सैल होतं का? ते तसं कधीकधी असे. वडील स्वतः धरायच्या आधी पाचर ठोकून घेत, हे त्याने पाहिलं होतं. त्या दिवशी पाहिलं होतं का, ते आठवत नव्हतं. शेड गेली, रंधा गेला, वडील गेले. आता सांगणारं कोणी उरलं नव्हतं. त्याने नट आवळला, बेताने, पाइपविना, हँडल आपल्याच भाराने दोन्ही बाजूंना पडेल इतपतच, आणि जुनं कडं पुसून खिशात टाकलं. का, ते त्याने स्वतःला विचारलं नाही.

मागची बाजू राहिली होती. सीटमागे त्याने स्वतः बसवलेली हत्यारांनी भरलेली लोखंडी पेटी, आणि पेटीच्या नि त्याच्या स्वतःच्या वजनासाठी शेवटच्या खाचेपर्यंत कडक केलेले मागचे शॉकअप. हलकं माणूस बसलं तर असली गाडी मागून दबतच नाही. मागून उंच राहते, पुढे झुकते आणि हँडल अधिकच उतावीळ होतं. पेटी त्याने काढून ठेवली. पण शॉकअप किती सैल करायचे हे एकट्याला मोजता येत नाही. जो चालवणार त्याने वर बसावं लागतं आणि दुसऱ्याने खाली वाकून टेप धरावी लागते. त्याने वर पाहून हाक मारली. मुलगी खिडकीत आली.

“जरा खाली ये.”

“मला गाडी नकोय, बाबा.”

“नको घेऊस. माप घ्यायचंय, दुसरं माणूस लागतं.”

“आईला सांगा.”

“तिचं वजन चालणार नाही.”

“आई ऐकतेय,” आतून बायको म्हणाली.

मुलगी खाली आली. भिंतीला एक हात टेकून, पाय वर घेऊन ती गाडीवर बसली आणि तो जमिनीवर गुडघे टेकून चाकाच्या आसापासून सीटखालच्या नटापर्यंत टेप धरत राहिला. गाडी जेमतेम दबली होती. जणू वर कोणी बसलंच नव्हतं. त्याने आकड्याच्या पान्याने शॉकअपचं कडं एक खाच सोडलं, परत मोजलं, अजून एक सोडलं. ती वरून बघत होती. तिला त्याचं टक्कल दिसत असणार.

“एवढी कडक होती?”

“माझ्या मापाने होती.”

“ते दिसतंय,” ती म्हणाली. मग सीटवर जरा हलून पाहत, “आता कशी झाली?”

“चालवून बघ.”

त्याला वाटलं, नाही म्हणेल. तिने हेल्मेट घातलं. गाडी कोपऱ्यावरून वळून दिसेनाशी झाली. आवाज लांब गेला, मोठ्या रस्त्याला लागला, वर चढला, मग उतरला. तिने वेग उतरू दिला होता. आता हात हलका केला असेल. तो अंगणात उभा राहून, काळ्या झालेल्या बोटांनी खिशातलं कडं कापडावरून चाचपत होता. जगात किती मूर्ख माणसं आहेत याची यादी तो सहसा अशा वेळी मनात काढायचा. ती त्याला झोपेच्या गोळीसारखी लागू पडे. टेम्पोवाला, गॅरेजवाला, मेहुणा, यंत्रांवर पाइप चढवणारे ते सगळे. यादी तिथपर्यंत आली आणि पुढे जाईना.

ती परत आली. इंजिन बंद केलं, हेल्मेट मांडीवर घेतलं.

“सोडून पाहिला हात?”

“पाहिला. एकदा नाही, चारदा. काही हलत नाही.” तिने आपला उजवा तळहात उलटा करून पाहिला, दुकानात फळ बघावं तसा. “मग तेव्हा माझाच हात असणार.”

वाक्य तयार होतं. असू दे, होतं असं सुरुवातीला. इतकं मऊ, इतकं बापाला शोभेसं वाक्य. ते म्हटलं असतं तर ती कदाचित हसलीही असती. त्याने खिशातून कडं काढलं आणि तिच्या त्याच तळहातावर ठेवलं.

“बोट फिरव.”

तिने डोळे मिटले. शीर शोधताना मिटत असेल तसे. बोट कड्यावरून सावकाश फिरलं. “इथे,” ती म्हणाली. “आणि इथे. इथेही. गोल सगळीकडे.” डोळे उघडले. “हे गाडीतलं आहे?”

“हो.”

“कशाने होतं असं?”

रस्ते खराब आहेत, गाडी जुनी आहे, पोलाद हलकं आहे. सगळी उत्तरं खरी होती. “आवळल्याने,” तो म्हणाला.

“कोणी आवळलं?”

“पान्याला पाइप लावून,” तो म्हणाला, आणि वाक्यात कर्ता घालायचा राहिला हे त्याच्या लक्षात आलं. तिच्याही. ती त्याच्याकडे बघत राहिली. ती नजर त्याच्या ओळखीची होती. गिरणीतल्या माणसांना बोलावून, एकेक शब्द सुटा करून सांगताना तो असाच बघायचा. ती समोरून कशी दिसते हे त्याला आज कळत होतं. “मी,” तो म्हणाला. “मी आवळलं.”

तिने कडं आपल्या खिशात टाकलं.

“ते दे इकडे. भंगारात जायचंय.”

“राहू दे माझ्याकडे.” मग ती म्हणाली, “मामाला फोन लावा.”

“मामाला कशाला?”

“तो होता ना तेव्हा.”

मेहुण्याला. त्या पोटाला, त्या शिडीच्या गाडीला, त्या हसण्याला. जगातल्या कोणालाही सांगितलं असतं, त्या टेम्पोवाल्याला गाठून सांगितलं असतं. “उद्या सांगतो,” तो म्हणाला. “हात तेलाने भरलेत.”

“मी धरते.”

तिने स्वतःच्या फोनवरून नंबर लावला आणि त्याच्या कानाशी धरला. पलीकडे दोनदा वाजलं. “बोल गं, निघालीस का?” मेहुणा म्हणाला. तो काळे हात अंगापासून लांब धरून उभा होता. तोंड उघडं होतं आणि हनुवटी, त्याच्या लक्षात आलं, बारीक हलत होती. “हॅलो? कोण बोलतंय?” मेहुणा म्हणाला. मुलीचा लांब केलेला हात त्याच्या कानाशी होता. तो हलत नव्हता.

“मी बोलतोय,” तो म्हणाला.